गाइडला कोण शिकवणार?

महाविद्यालयातल्या कायम सहायक प्राध्यापकाला पीएच.डी.चा गाइड व्हायचं असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ची नियमावली त्याच्याकडे मुख्यतः दोन गोष्टी मागते : स्वतःची पीएच.डी. आणि तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकांत छापून आलेले किमान तीन शोधनिबंध. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांसाठी हा आकडा पाच आहे. विद्यापीठं आपापल्या काही अटी त्याला जोडतात. कागद जमले, समितीनं मान्य केलं की गाइडशिपचं पत्र हातात पडतं. मग सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा आणि प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात. विद्यार्थ्याबरोबरची पहिली बैठक कशी घ्यायची, त्यानं आणलेलं कच्चं प्रकरण कसं वाचायचं, तो तीन महिने फिरकलाच नाही तर काय करायचं, दोन वर्षं राबून जमवलेल्या सामग्रीतून काही निघत नाही हे त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं, यातलं काहीही या प्राध्यापकाला कुणी शिकवलेलं नसतं. ते येतं का, असं नियमही विचारत नाही.

याच नियमावलीत संशोधक विद्यार्थ्यानं मात्र बरंच शिकायचं आहे. किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, त्यात संशोधन आणि प्रकाशनाची नीती आहे. कोणत्याही विद्याशाखेचा असला तरी त्यानं अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण घ्यावं, असंही म्हटलं आहे. म्हणजे शिकणाऱ्याच्या तयारीचा विचार झाला. ज्याच्या हाताखाली तो सहा वर्षं, मुदतवाढ मिळाली तर आठ आणि स्त्री किंवा अपंग संशोधक असेल तर दहा वर्षांपर्यंत राहू शकतो, त्याच्या तयारीचा विचार राहून गेला. उच्च शिक्षणाच्या आपल्या व्यवस्थेतली ही मोठी उणीव आहे असं मला वाटतं, आणि ती भरून काढणं फार खर्चाचं नाही.

या प्रश्नाची व्याप्ती आता लहान राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात २०१४-१५ साली सुमारे १ लाख १७ हजार विद्यार्थी पीएच.डी. करत होते. २०२१-२२ साली ही संख्या २ लाख १२ हजारांवर गेली. एवढ्या वेगानं विद्यार्थी वाढले म्हणजे नवे गाइडही त्याच वेगानं लागले. आज पीएच.डी.ला बसणाऱ्या अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं त्यांच्याआधी कुणी नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे महाराष्ट्रात अशा मुलामुलींना पूर्ण वेळ संशोधन करण्याची संधी मिळू लागली. त्यांना सिनॉप्सिस म्हणजे काय, आरआरसी म्हणजे संशोधन आणि मान्यता समितीसमोर काय बोलायचं, परिषदेत कुणाशी ओळख करून घ्यायची, हे सांगणारं घरी कुणी नसतं. जे काही कळायचं ते गाइडकडूनच.

गाइडच्या हातात किती काय असतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. विषय त्यानं मान्य करायचा. सहामाही प्रगती अहवालावर सही त्याची. अधिछात्रवृत्तीचा हप्ता निघायला हजेरीच्या आणि कामाच्या दाखल्यावर सही त्याची. कंटिंजन्सीची बिलं, फील्डवर्कची परवानगी, प्रबंध सादर करण्याआधीचं प्रमाणपत्र, पुढे नोकरीसाठी शिफारस, सगळीकडे तोच. यूजीसीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार रुपये आहे. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या, घरीही पैसे पाठवणाऱ्या मुलासाठी एका सहीचा उशीर म्हणजे महिनाभराची ओढाताण. इतकी सत्ता नोकरीतल्या वरिष्ठालाही नसते. तिथं निदान बदली मागता येते.

तक्रार करायची तर कुठे? प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते. दर सहा महिन्यांनी तिच्यासमोर काम मांडायचं असतं. पण नियमानुसार या समितीचा निमंत्रक खुद्द गाइडच. ज्याच्याबद्दल बोलायचं आहे त्यानंच बोलावलेल्या बैठकीत, त्याच्याच शेजारी बसून विद्यार्थी काय बोलणार? २०२३च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समित्या आणि लोकपाल आहेत. लैंगिक छळाविषयीच्या २०१५च्या नियमांत तर चौकशी चालू असताना आरोपीला तक्रारदाराच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवण्याची सोय आहे. ही सगळी दारं गोष्ट फाटल्यानंतरची. ती फाटू नये म्हणून आधी काय करायचं, हा प्रशिक्षणाचा विषय आहे.

चांगला गाइड काय करू शकतो हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात एडविन सेलिग्मन यांच्याकडे शिकले. आंबेडकर लंडनला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना पत्र लिहून आपल्या विद्यार्थ्याची ओळख करून दिली. विद्यार्थ्याला आपल्या वर्तुळाबाहेरच्या माणसांपर्यंत पोचवणं हे गाइडचं कामच आहे आणि सेलिग्मन यांनी ते केलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आंबेडकरांचे मार्गदर्शक होते एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध मार्च १९२३मध्ये होता तसा स्वीकारला गेला नाही. ऑगस्टमध्ये तो सुधारून पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. लगेच पुस्तक निघालं. त्याला प्रस्तावना कॅनन यांची आहे आणि तीत त्यांनी आपल्याला लेखकाची बरीच मतं पटत नाहीत हे उघड नोंदवून त्याच्या विचारांतल्या ताजेपणाचं कौतुक केलं आहे. आपल्याशी असहमत असलेल्या विद्यार्थ्याच्या पाठीशी जाहीरपणे उभं राहणं, ही या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. ती किती गाइडांना जमते, हे प्रत्येक संशोधकानं आपल्या अनुभवावरून ताडून पाहावं.

उलट बाजूही आपल्याच इतिहासात आहे. इरावती कर्वे मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्याकडे एम.ए. करून बर्लिनला गेल्या. तिथं त्यांचे गाइड होते ऑइगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांना शास्त्राचा आधार देऊ पाहणारे मानवशास्त्रज्ञ. कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे का, हे तपासण्याचं काम इरावतीबाईंकडे आलं. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. १९३०च्या आसपासचं बर्लिन, परदेशी विद्यार्थिनी आणि समोर सत्तावान गाइड. त्या परिस्थितीत हे लिहायला काय लागलं असेल! गाइडच्या मताविरुद्ध जाण्याचं असं बळ प्रत्येक विद्यार्थ्याकडून अपेक्षित धरणं अन्यायाचं आहे. व्यवस्था अशी हवी की त्यासाठी धाडस करावं लागू नये.

आणखी एक उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचं वाटतं. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राची जवळजवळ एक अख्खी पिढी त्यांच्या हाताखाली घडली. अ. र. देसाई, य. भा. दामले, एम. एन. श्रीनिवास ही त्यांतली नावं. श्रीनिवासांनी घुर्यांकडे कूर्गमधल्या समाजाचा अभ्यास करून पीएच.डी. मिळवली. मग ते ऑक्सफर्डला गेले. तिथं रॅडक्लिफ-ब्राउन आणि त्यांच्यानंतर इव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्यांना तीच सामग्री नव्या प्रश्नांसह पुन्हा पाहायला लावली. १९५२ साली आलेलं कूर्गांच्या धर्म आणि समाजावरचं पुस्तक त्यातून तयार झालं. ‘संस्कृतायन’ ही संकल्पना अभ्यासकांपुढे ठळकपणे आली ती याच पुस्तकातून. माणूस तोच, टिपणं तीच, मार्गदर्शन बदललं. घुर्यांचं मोठेपण याने कमी होत नाही. कूर्गला जा, माणसांत बस, लिहून आण हा पाया मुंबईतच घातला गेला. पण घुर्यांसारखा मोठा विद्वानही एका विद्यार्थ्याची प्रत्येक गरज भागवू शकत नाही. म्हणून जगातल्या अनेक विद्यापीठांनी एका विद्यार्थ्याला एकच गाइड ही पद्धत सोडली. स्वीडनच्या उच्च शिक्षणविषयक नियमांनुसार प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याला किमान दोन मार्गदर्शक द्यावे लागतात आणि विद्यार्थ्यानं मागितलं तर मार्गदर्शक बदलून द्यावा लागतो.

ब्रिटनचा प्रवास आपल्याला सगळ्यात जवळचा, कारण आपली विद्यापीठं त्याच साच्यातून निघालेली. तिथंही अनेक दशकं गाइड आणि विद्यार्थी यांच्यातला व्यवहार हा दोघांचा खासगी मामला मानला जात होता. १९८०च्या दशकात सरकारी पैशानं चालणाऱ्या संशोधन परिषदांच्या लक्षात आलं की सामाजिक शास्त्रांत शिष्यवृत्ती घेणाऱ्यांपैकी फार थोडे वेळेत प्रबंध सादर करतात. आर्थिक आणि सामाजिक संशोधन परिषदेनं मग ज्या विद्यापीठांत हे प्रमाण फारच कमी होतं त्यांच्या शिष्यवृत्त्या थांबवायला सुरुवात केली. पैसे अडल्यावर विद्यापीठांनी पहिल्यांदा विचारलं, गाइड नेमकं करतात तरी काय? २००२ साली सर गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या अहवालानं संशोधकांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा निधी मिळवून दिला. २००४च्या गुणवत्ता संहितेनं गाइडला प्रशिक्षण आणि विद्यार्थ्याला एकाऐवजी मार्गदर्शकांची तुकडी, या दोन्ही गोष्टी अपेक्षित मानल्या. आज तिथल्या बहुतेक विद्यापीठांत नव्या प्राध्यापकाला पहिला विद्यार्थी घेण्याआधी या प्रशिक्षणाला बसावंच लागतं. संशोधकांच्या विकासाविषयीच्या २०१९च्या राष्ट्रीय करारानं पुढचं पाऊल टाकलं : संशोधकांवर देखरेख करणाऱ्या प्रत्येकानं माणसं सांभाळण्याचं, समानतेचं आणि मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घ्यावं आणि संशोधकाला वर्षातून दहा दिवस स्वतःच्या विकासासाठी मिळावेत. त्याच वर्षी अनुभवी गाइडांना त्यांच्या कामाबद्दल राष्ट्रीय पातळीवर मान्यता देण्याची योजनाही सुरू झाली.

एवढं करूनही तिथं सगळं आलबेल नाही, हेही सांगायला हवं. संशोधनाला निधी देणाऱ्या वेलकम ट्रस्टनं जानेवारी २०२०मध्ये चार हजारांहून अधिक संशोधकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४३ टक्क्यांनी आपल्याला दमदाटी किंवा छळ सोसावा लागल्याचं सांगितलं. ६१ टक्क्यांनी तो इतरांच्या बाबतीत पाहिला होता. आणि माणसं सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांच्यातले निम्म्याहून थोडे कमी, ४८ टक्केच, त्याचं प्रशिक्षण घेतलेले निघाले. नियम कागदावर येणं आणि तो प्रत्येक विभागात पोचणं यांतलं अंतर तिथंही मोठं आहे.

मग अशा प्रशिक्षणात शिकवतात काय? ज्यांना हे सगळं अळणी व्याख्यानांचं प्रकरण वाटतं त्यांच्यासाठी थोडं तपशिलात जातो.

पहिला धडा सहसा अपेक्षांचा असतो. इन्ग्रिड मोझेस या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक बाईंनी १९८०च्या दशकात एक साधा कागद तयार केला. त्यावर जोडीजोडीनं विधानं आहेत. विषय गाइडनं निवडावा की विद्यार्थ्यानं? बैठक कुणी ठरवायची? प्रत्येक कच्चं प्रकरण गाइडनं वाचावं की विद्यार्थ्यानं मागितलं तरच? लिखाणाची भाषा सुधारणं गाइडचं काम आहे का? गाइड आणि विद्यार्थी यांनी वेगवेगळं बसून एक ते पाचमध्ये खुणा करायच्या आणि मग कागद शेजारी ठेवायचे. जिथं एकानं एक आणि दुसऱ्यानं पाच लिहिलं, तिथं पुढच्या वर्षी भांडण होणार हे आजच दिसतं. अर्ध्या तासाचं काम. आपल्याकडे हेच प्रश्न चौथ्या वर्षी उघड होतात, तेव्हा एक म्हणतो सर लक्षच देत नाहीत आणि दुसरा म्हणतो मुलगा विचारायलाच येत नाही.

दुसरा धडा वेळेनुसार बदलण्याचा. सुरुवातीला विद्यार्थ्याला हात धरून न्यावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच हात सोडावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्याच जेफ गर यांनी २००१ साली मांडलेल्या आराखड्यात विद्यार्थ्याची स्वायत्तता आणि गाइडचा हस्तक्षेप यांचा मेळ दर थोड्या काळानं पुन्हा तपासायला सांगितलं आहे. अभ्यासक ॲन ली यांनी गाइडच्या कामाच्या पाच रीती सांगितल्या : वेळापत्रक आणि कामाचं नियोजन, ज्ञानशाखेच्या रीतीभाती लावणं, चिकित्सा शिकवणं, विद्यार्थ्याला स्वतःचा रस्ता शोधू देणं आणि माणूस म्हणून नातं राखणं. प्रत्येक गाइडला यातल्या एक-दोन रीती सहज जमतात, बाकीच्या शिकाव्या लागतात. आपल्याकडे चिकित्सा चांगली शिकवणारे पुष्कळ आहेत. नियोजन आणि नातं यांची आबाळ होते.

तिसरा धडा लिखित नोंदीचा. प्रत्येक बैठकीनंतर काय ठरलं, पुढच्या वेळी काय आणायचं, हे विद्यार्थ्यानं पाच-दहा ओळींत लिहून गाइडला पाठवायचं आणि गाइडनं त्याला होकार द्यायचा. हा साधा रिवाज दोघांचंही रक्षण करतो. ‘मी तर सांगितलं होतं’ आणि ‘सरांनी असं सांगितलंच नव्हतं’ हे दोन्ही संवाद त्यामुळे बंद होतात.

मग लिखाणावरचा अभिप्राय. आपल्या राज्यात मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणारे असंख्य विद्यार्थी आहेत. त्यांच्या पानावर व्याकरणाच्या पन्नास चुका लाल करून परत देणाऱ्या गाइडला विचार कुठे चुकला आणि भाषा कुठे चुकली हे वेगळं करता आलेलं नसतं. आधी युक्तिवाद वाचावा, त्यावर बोलावं आणि भाषेचं शेवटी बघावं. सामाजिक शास्त्रांत आणि साहित्यात मराठीत प्रबंध लिहिण्याची वाट अनेक विद्यापीठांत खुली आहे. विद्यार्थ्याचा विचार कोणत्या भाषेत खुलतो हे पाहून ती वाट सुचवणंही गाइडचंच काम.

आणखी एक विषय आपल्याकडच्या कोणत्याही प्रशिक्षणात अग्रभागी हवा, तो म्हणजे जात आणि लिंग. कुणाला घरी चहाला बोलावलं जातं आणि कुणाला दारातून परत पाठवलं जातं, फील्डवर्कला एकटीनं जाणाऱ्या मुलीची काळजी कशी घ्यायची, बाळंतपणाची २४० दिवसांची रजा नियमात असताना ती मागणाऱ्या मुलीला ‘आता लग्न झालं, संशोधन कसलं करतेस’ असं म्हणणं किती घातक आहे, हे प्रशिक्षणात मोकळेपणानं बोललं गेलं पाहिजे. विद्यार्थ्याला पेपर तपासायला बसवणं, रेल्वेचं तिकीट काढायला पाठवणं, आपल्या पुस्तकाची प्रुफं पाहायला लावणं, स्वतः न लिहिलेल्या शोधनिबंधावर आपलं नाव आधी घालणं, यांतलं काय चालत नाही हे नव्या गाइडला स्पष्ट सांगणारं कुणी हवं. असं वागवणाऱ्या बऱ्याच गाइडांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या गाइडनं त्यांच्याशी तसं केलं होतं, म्हणून ते तसंच चालवतात.

‘हे शिकवून येत नाही, अनुभवानं येतं’ या युक्तिवादाला माझं उत्तर इथंच आहे. न तपासलेला अनुभव म्हणजे जुन्या सवयींची पुनरावृत्ती. शिवाय अनुभव मिळेपर्यंतचे पहिले चार विद्यार्थी कोणाच्या खात्यात टाकायचे?

आपल्याकडे यंत्रणा नाही असं मुळीच नाही. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीनं ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांना मनुष्यबळ विकास केंद्रं म्हटलं गेलं आणि २०२३पासून ती मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. देशभरात अशी शंभराहून अधिक केंद्रं आहेत. नव्या प्राध्यापकांसाठी महिनाभराचा ‘गुरु दक्षता’ कार्यक्रम २०१९पासून आहे. पदोन्नतीसाठी ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर करावेच लागतात. वर्ग, वसतिगृह, तज्ज्ञ, निधी, सगळं जागेवर आहे. कुठे कुठे संशोधन मार्गदर्शनावर एखाद्या दिवसाची कार्यशाळाही होते. पण गाइडशिपच्या पत्राशी त्याचा धागा जोडलेला नाही. ज्याला विद्यार्थी मिळणार त्यानं हे केलंच पाहिजे, अशी गाठ मारलेली नाही.

गाइडसारखीच अवस्था विभागप्रमुखाची. पाळीनं किंवा ज्येष्ठतेनं त्याच्याकडे विभाग येतो आणि एका सकाळी कालपर्यंतच्या सहकाऱ्यांचे गोपनीय अहवाल लिहिण्याची जबाबदारी त्याच्यावर पडते. निम्म्या जागा रिकाम्या, शिकवणारे तासिका तत्त्वावरचे, त्यांचं मानधन महिनोन्‌महिने थकलेलं, प्रयोगशाळेतल्या परिचराचं आणि लिपिकाचं वाकडं. रजा नाकारायची कशी, कामाबद्दल समज द्यायची कशी, दोन प्राध्यापकांचं भांडण विद्यार्थ्यांपर्यंत जाऊ न देता मिटवायचं कसं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. वरच्या पातळीवरच्या संभाव्य कुलगुरू-संचालकांसाठी २०१९ साली ‘लीप’ हा कार्यक्रम आला. विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी तसं काही सक्तीचं नाही. आणि संशोधक विद्यार्थ्याचं रोजचं आयुष्य कुलगुरूंपेक्षा विभागप्रमुखच अधिक ठरवतो.

प्रशिक्षणाचीही एक भीती मला आहे. ते हजेरी, चहा, प्रमाणपत्र आणि पदोन्नतीच्या फाइलमधला एक कागद एवढ्यावर संपू शकतं. २०१८च्या यूजीसी नियमांत पीएच.डी. पूर्ण करून दिली की गाइडला दहा गुण मिळतात, प्रबंध सादर झाला तरी पाच. ती कशी पूर्ण झाली याला गुण नाहीत. सहायक प्राध्यापकानं आठवड्याला १६ तास शिकवायचं. चार संशोधक विद्यार्थ्यांसाठी दिलेले तास मात्र त्या हिशेबात धरले जात नाहीत. वेळ न देता नुसतं प्रशिक्षण दिलं, तर गाइडला आपण काय करत नाही आहोत एवढंच नीट कळेल. म्हणून तास मोजणं हाही याच कामाचा भाग आहे.

मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आणि आत्महत्या रोखण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. गाइडशी असलेलं नातं हाही याच प्रश्नाचा भाग आहे. आपल्या विद्यापीठांनी मात्र दिल्लीच्या आदेशाची वाट पाहत बसू नये. यूजीसीचे नियम किमान आहेत, त्याहून अधिक करायला कुणी अडवलेलं नाही. महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या विद्यापीठांच्या विद्या परिषदांच्या सदस्यांना माझी विनंती आहे : पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडा. गाइडशिपच्या पहिल्या पत्राआधी आठवडाभराचं प्रशिक्षण सक्तीचं करा आणि दर पाच वर्षांनी त्याची उजळणी ठेवा. प्रत्येक विद्यार्थ्याला दुसरा मार्गदर्शक द्या आणि त्या दोघांचेही तास कार्यभारात धरा. सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीत शेवटची दहा मिनिटं गाइडला बाहेर थांबायला सांगून विद्यार्थ्याचं ऐकून घ्या. यातल्या तिसऱ्या ठरावाला एक रुपयाही लागत नाही. तो येत्या सत्रापासून सुरू करता येईल.